पाटी तीच, कारभारी वेगळे : पिंक फ्लॉइड पहिल्यापासून ऐकताना

मावसभावाने भरून दिलेली ९० मिनिटांची कॅसेट होती. एका बाजूला 'द डार्क साइड ऑफ द मून', दुसऱ्या बाजूला 'विश यू वेअर हिअर'. पहिला अल्बम ४३ मिनिटांचा, दुसरा ४४चा. ४५ मिनिटांच्या बाजूत दोन्ही अंग चोरून बसतात. हॉस्टेलवर ही जोडी अशीच पाठीला पाठ लावून फिरायची, आणि कित्येक वर्षं माझ्यासाठी पिंक फ्लॉइड हा इंग्रजी रॉक बँड म्हणजे त्या दोन बाजू, एवढंच होतं. पुढे 'द वॉल' कानावर पडला तो निराळाच वाटला, 'द डिव्हिजन बेल' आणखी निराळा. आणि १९६७चा पहिला अल्बम लावला तेव्हा तर दुकानदाराने भलत्याच कुणाची सीडी पाकिटात घातली की काय, म्हणून मी झाकण उघडून पाहिलं.

सीडी बरोबर होती. पाटी तीच होती, दुकान चालवणारा दुसरा होता. १९६७मध्ये कारभार गाणी लिहिणाऱ्या आणि गाणाऱ्या सिड बॅरेटचा. तो गेल्यावर सात-आठ वर्षं वॉटर्स, राइट, मेसन आणि गिल्मर या चौघांची पंचायत. १९७७ ते १९८३ बेसवाल्या रॉजर वॉटर्सची एकहाती सत्ता. १९८७पासून गिटारवाला डेव्हिड गिल्मर. एवढं ध्यानात ठेवून पहिल्यापासून ऐकायला बसलं की तोंडपाठ गाण्यांतसुद्धा आजवर न ऐकलेल्या जागा सापडतात. मागच्या वर्षी मी हा उद्योग केला. दहा आठवडे लागले. कसा केला, कुठे चुकलो, ते क्रमाने सांगतो.

आधी फोनला शिस्त लावा

हे अल्बम सुटी गाणी म्हणून केलेले नाहीत. 'डार्क साइड'मध्ये हृदयाच्या ठोक्यांनी सुरुवात होते, एकेक गाणं पुढच्यात मिसळत जातं आणि शेवटी पुन्हा ठोकेच उरतात. ॲपमध्ये शफल चालू असेल तर काय होतं ते वेगळं सांगायला नको. पण शफल बंद करून भागत नाही. बहुतेक ॲपमध्ये एका गाण्याचा शेवट दुसऱ्याच्या सुरुवातीवर चढवणारी सोय असते, तीही बंद करा. दोन गाण्यांमध्ये खंड न पाडता वाजवायची सोय असेल तर ती चालू ठेवा. सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीला आणणारी सेटिंग असते, ती काढून टाका. हळू आणि मोठा यांतला फरक हे या बँडचं निम्मं भांडवल आहे. अल्बम संपल्यावर 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणत ॲप स्वतःच्या मनाने पुढचं वाजवत राहतं, तेही थांबवा. शेवटचे ठोके विरल्यावर शांतता हवी.

दुसरा घोळ वाढीव आवृत्त्यांचा. ॲपवर एकेका अल्बमच्या चार-चार आवृत्त्या दिसतात आणि काहींत मूळ गाण्यांमागे मैफिलींचं आणि राहून गेलेल्या तुकड्यांचं शेपूट लावलेलं असतं. मूळ हिशोब लिहून ठेवा : 'मेडल'मध्ये ६ गाणी, 'डार्क साइड'मध्ये १०, 'विश यू वेअर हिअर'मध्ये ५, 'ॲनिमल्स'मध्ये ५. तेवढी झाली की थांबा. शेपटाची पाळी नंतर येईल.

तबकडीची बाजू जिथे संपते तिथेही थांबा. 'डार्क साइड'ची पहिली बाजू गायिका क्लेअर टॉरीच्या त्या शब्द नसलेल्या गाण्याने संपते आणि दुसरी 'मनी'च्या खणखणाटाने उघडते. मधे तबकडी उलटायला उठण्याचा जो वेळ जायचा, तो या दोहोंच्या मधे हवाच. ॲपवर त्या बाईचा आवाज विरतो न विरतो तोच नाणी पडायला लागतात, आणि ते फार वाईट लागतं. उठा, पाणी प्या, परत या.

महागडं सामान लागत नाही. तार असलेला बरा हेडफोन पुरे. फोनच्या स्पीकरवर मात्र ऐकू नका, कारण त्यात बेस गिटार जवळजवळ गायब होते, आणि इथे बेस वाजवणाराच पुढे कारभारी होणार आहे. एकाच कानात इअरफोन घालूनही नको. गिटार डाव्या कानात आणि ऑर्गन उजव्या कानात असा मामला बऱ्याच ठिकाणी आहे. स्पीकर असतील तर दोन स्पीकर आणि तुमची खुर्ची यांचा समभुज त्रिकोण करा. चोर बाजारात जुन्या तबकड्या चाळायची हौस असेल तर तबकडी तिरकी धरून उजेडात बघा : नखाला लागणारा ओरखडा असेल तर सुई तिथे अडखळणार. बाकी धूळ ओल्या फडक्याने जाते.

वाट आखा, आणि तीही वेडीवाकडी

पहिल्या प्रयत्नात मी १९६७पासून सरळ सुरू केलं आणि तिसऱ्या अल्बमला सोडून दिलं. म्हणून आता सांगतो : पहिल्या आठवड्यात तुमचा सगळ्यात आवडता अल्बम एकदा ऐका, काहीही न लिहिता. नंतर मागे जा आणि क्रमाने या. 'द पायपर ॲट द गेट्स ऑफ डॉन' (१९६७), 'अ सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स' (१९६८), 'मेडल' (१९७१), 'डार्क साइड' (१९७३), 'विश यू वेअर हिअर' (१९७५), 'ॲनिमल्स' (१९७७), 'द वॉल' (१९७९), 'द फायनल कट' (१९८३), 'द डिव्हिजन बेल' (१९९४). आठवड्याला एक. मधले राहिलेले नंतर, भूक असेल तर. 'अमागमा' (१९६९) आणि 'ॲटम हार्ट मदर' (१९७०) यांच्यावर जीव टाकणारी मंडळी आहेत. मी त्यांतला नाही. मुखपृष्ठावरची गाय मला आतल्या २३ मिनिटांच्या शीर्षक-रचनेपेक्षा जास्त आवडते.

आठवड्यात तीनदा ऐकायचं. पहिल्यांदा नुसतं. दुसऱ्यांदा वही घेऊन. तिसऱ्यांदा एकच वाद्य धरून. चौथ्यांदा ऐकावंसं वाटलं तर ते तुमचं तुम्ही, त्याचा अभ्यासाशी संबंध नाही.

वहीत तीन रकाने

शब्द कुणाचे, चाल कुणाची, गायलं कुणी. श्रेयनामावली कव्हरवर असते, ॲपमध्येही गाण्याच्या तपशिलात बऱ्याचदा मिळते. काम कारकुनी आहे खरं, पण सत्ताबदल गाण्यांच्या आधी या रकान्यांत दिसतो.

'पायपर'मध्ये ११ गाणी. त्यांतली ८ एकट्या बॅरेटची. दोन तेव्हाच्या चौघांनी (बॅरेट, वॉटर्स, राइट, मेसन) मिळून केलेल्या, शब्द जवळपास नसलेल्या रचना. वॉटर्सचं एक, आणि ते ऐकल्यावर हा माणूस बारा वर्षांनी 'द वॉल' लिहील यावर विश्वास बसत नाही. आता थेट १९८३च्या पानावर या : 'द फायनल कट'मध्ये शब्द आणि चाल, सगळं वॉटर्सचं. गिल्मरचा ठळक आवाज एका गाण्यात. कीबोर्डवाला राइट बँडमध्येच नाही. शेवटच्या गाण्यात तर ड्रमवर निक मेसनही नाही, अँडी न्यूमार्क नावाचा बाहेरचा वादक आहे. या दोन पानांमध्ये सोळा वर्षं आहेत, आणि दोन्ही पानं एकाच माणसाने भरलेली आहेत. फक्त माणूस बदललाय.

मधली पानं त्यामुळे जास्त महत्त्वाची. 'डार्क साइड'मध्ये शब्द पहिल्यांदाच सगळे वॉटर्सचे आहेत, पण चालींच्या रकान्यात चौघांचीही नावं पसरलेली दिसतात. 'टाइम' चौघांचं. 'अस अँड देम'ची चाल मुळात राइटची. इटालियन दिग्दर्शक अंतोनियोनीच्या १९७०च्या एका चित्रपटासाठी त्याने ती पियानोवर बांधली होती, दिग्दर्शकाने नाकारली, आणि तीन वर्षं ती तशीच पडून राहिली. एकाची चाल, दुसऱ्याचे शब्द, तिसऱ्याचा गळा असं त्या अल्बमभर चालतं. माझ्या मते या बँडची उत्तम वर्षं तीच, ज्यांत रकान्यांत खाडाखोड जास्त आहे.

वहीत एक धागा लाल शाईने ओढा : कीबोर्डवाला रिचर्ड राइट. तो कमी बोलणारा गडी, त्यामुळे गोष्टी सांगताना त्याला सगळे विसरतात. त्याच्यावर नजर ठेवली की कारभार कुणाच्या हातात आहे ते आपोआप कळतं.

आता चाला

'पायपर' ऐकताना लंडनमधल्या ईएमआय या रेकॉर्ड कंपनीच्या ॲबी रोड स्टुडिओचं चित्र डोळ्यांपुढे ठेवा. शेजारच्या दालनात बीटल्स 'सार्जंट पेपर' करत होते, आणि फ्लॉइडचा निर्माता नॉर्मन स्मिथ हा बीटल्सचाच जुना ध्वनिमुद्रक. मेसन, वॉटर्स आणि राइट आर्किटेक्चरच्या कॉलेजात एकत्र आलेले. बॅरेट चित्रकलेचा विद्यार्थी. नावसुद्धा त्यानेच पिंक अँडरसन आणि फ्लॉइड काउन्सिल या दोन ब्लूज गायकांवरून जुळवलं. गाणी सायकलीची, मांजराची, बुजगावण्याची. पण शेवटच्या गाण्याच्या अखेरीला एक दार उघडतं आणि घड्याळं, घंटा, यंत्रं असा कल्लोळ सुरू होतो. तिथे थांबून वहीत खूण करा. सहा वर्षांनी 'टाइम'च्या सुरुवातीला घड्याळांचा असाच गजर होतो. तो ध्वनिमुद्रक ॲलन पार्सन्सने जुन्या घड्याळांच्या दुकानात जाऊन टिपला होता. कारभारी गेला तरी घरातली एखादी सवय राहते, तशी ही.

बॅरेटची तब्येत १९६७ सालीच ढासळत गेली. त्यात एलएसडी या अमली पदार्थाचा वाटा मोठा मानला जातो. कार्यक्रमात तो कधी एकच स्वर छेडत उभा राहायचा, कधी तेवढंही नाही. वर्ष संपता संपता त्याचा केंब्रिजचा मित्र गिल्मर याला आणलं, थोडे दिवस पाच जण होते, आणि एप्रिल १९६८मध्ये बॅरेट बाहेर पडल्याचं जाहीर झालं. 'सॉसरफुल' हा पाचही जण असलेला एकमेव अल्बम. त्याचं शेवटचं गाणं बॅरेटचं आहे आणि मधेच एक बँडबाजा येऊन वाट्टेल ते वाजवतो. आपण इथे नाही आहोत हे तो स्वतःच गाऊन सांगतो. अल्बमची शीर्षक-रचना मात्र पुढच्या राजवटीची आहे : बारा मिनिटं, गाणं नाहीच, आणि तिचा आराखडा वॉटर्स आणि मेसनने कागदावर इमारतीच्या नकाशासारखा काढला होता. कॉलेज असं कामाला आलं.

मग थेट 'मेडल'. पहिली बाजू एकदा ऐकून सोडा, दुसऱ्या बाजूवर बसा. तिथे एकच रचना आहे, 'एकोज', २३ मिनिटांची. सुरुवातीचा तो पाण्यात थेंब पडल्यासारखा स्वर राइटच्या पियानोचा, फिरत्या लेस्ली स्पीकरमधून काढलेला. गाणं सुचत नव्हतं तेव्हा या मंडळींनी 'काहीच नाही, भाग १ ते २४' अशा नावाने तुकडे जमवले होते. त्यांतून हे उभं राहिलं. बडा ख्याल ऐकणाऱ्याला याची लांबी अंगावर येणार नाही. घाई नाही, एकच स्वरवाक्य पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडं पुढे. मधे व्हेलच्या रडण्यासारखे आवाज येतात, तो गिल्मर आहे : गिटारचा स्वर पायाने बदलणाऱ्या वाव्वा पेडलला तारा उलट्या जोडल्या गेल्या आणि गिटार किंचाळायला लागली, मग तेच ठेवलं. आणि शब्द जिथे येतात तिथे राइट आणि गिल्मर एकत्र गातात. दोघांचे गळे इतके जुळतात की कोण कुठला ते ओळखायला मला तीन वेळा ऐकावं लागलं. हा जुळलेला आवाज कानात साठवून ठेवा, तो पुढे हरवणार आहे.

'डार्क साइड'बद्दल आणखी मी काय सांगू! अमेरिकेच्या बिलबोर्ड या खपाच्या यादीत तो १९८८पर्यंत ७४१ आठवडे होता, एवढा आकडा पुरे. ऐकण्याचं काम मात्र एक देतो. ध्वनिमुद्रणाच्या वर्षभर आधी, १९७२च्या सुरुवातीलाच हे सगळं बँड कार्यक्रमांत वाजवत होता. म्हणजे गाणी आधी लोकांसमोर घासून घेतली आणि मग स्टुडिओत नेली. आपल्या संगीत नाटकवाल्यांना हे नवीन नाही.

१९७५ आणि १९७७, इथे जास्त वेळ द्या

पहिल्या फेरीत मी सगळ्यांना सारखाच वेळ दिला, ती चूक होती. या बँडचा खरा सांधा या दोन अल्बमच्या मधे आहे आणि तो ऐकू येतो.

१९७४मध्ये फ्लॉइडने तीन नवी लांब गाणी कार्यक्रमांत वाजवायला सुरुवात केली. एक गिल्मरला सापडलेल्या चार स्वरांवरचं, ज्यातून वॉटर्सला बॅरेटची आठवण आली : 'शाइन ऑन यू क्रेझी डायमंड'. दुसरी दोन तिखट, रागीट. १९७५मध्ये अल्बम करायची वेळ आली तेव्हा गिल्मरला तिन्ही घ्यायची होती. वॉटर्स म्हणाला की 'शाइन ऑन' दुभंगून अल्बमच्या दोन टोकांना ठेवू, मधे नवीन गाणी, आणि विषय एकच : हजर नसलेला माणूस. वॉटर्सचं ऐकलं गेलं. अल्बम उत्तम झाला, त्यामुळे तो निर्णय बरोबरच म्हणावा लागेल. पण घरात शेवटचा शब्द कुणाचा, तेही त्या दिवशी ठरलं.

त्याच कामात, ५ जून १९७५ला, स्टुडिओत एक जाडा, डोक्यावर केस नसलेला, भुवयाही काढून टाकलेला माणूस येऊन बसला. बराच वेळ कुणी ओळखलं नाही. तो बॅरेट होता. 'शाइन ऑन' त्याच्यावरच होतं आणि त्या दिवशी त्याच गाण्याचं काम चाललं होतं. मी ही गोष्ट कित्येकदा वाचली आहे, तरी ते चार स्वर येतात तेव्हा हात थांबतो. रचनेचं पहिलं पान उघडतं ते राइटच्या कीबोर्डवर, आणि त्याखाली ओल्या बोटाने काचेच्या पेल्यांच्या कडा घासून काढलेला नाद आहे. घरगुती वस्तूंवर अख्खा अल्बम करायचा एक बेत फसला होता, त्यातला हा वाचलेला तुकडा. चार मिनिटं होईपर्यंत ड्रम नाहीत. आठ मिनिटं उलटून जातात तरी शब्द नाहीत. इथे राइटच्या नावापुढे वहीत मोठी खूण करा.

आता 'ॲनिमल्स' लावा. बाजूला ठेवलेली ती दोन रागीट गाणी शब्द बदलून, कुत्री आणि मेंढ्या होऊन परत आली आहेत. त्यांत डुकरांची भर पडली आहे. वॉटर्सने माणसांची तीन जातींत वाटणी केली. मुखपृष्ठावर लंडनचं बॅटरसी वीजकेंद्र, त्याच्या धुराड्यांमधून उडणारं फुगवलेलं डुक्कर. फोटोच्या वेळी ते दोर तोडून खरंच पळालं आणि हीथ्रोकडे जाणाऱ्या विमानांची तारांबळ उडाली. हे सगळं ठीक; पण वहीचा रकाना बघा. पाच गाणी, चार एकट्या वॉटर्सची, एकात गिल्मर भागीदार. राइटचं नाव एकाही गाण्यावर नाही, आणि हे पहिल्यांदाच घडतंय. 'मेडल'मधला तो जुळलेला आवाजही नाही. मेंढ्यांच्या गाण्याच्या सुरुवातीला राइट एकटाच इलेक्ट्रिक पियानो वाजवतो. मिनिट-दीड मिनिट, फार सुंदर. मग बेस येऊन त्याला गिळून टाकते. मला तरी हा सत्तांतराचा आवाज वाटतो. ज्याला पटत नसेल त्याने पुन्हा ऐकून बघावं.

पुढचं उताराला लागलेल्या गाडीसारखं आहे. जुलै १९७७मध्ये माँट्रियलच्या कार्यक्रमात वॉटर्स गोंधळ घालणाऱ्या एका प्रेक्षकावर थुंकला, स्वतःलाच शरमला, आणि प्रेक्षक आणि आपण यांच्यात भिंत असावी असं त्याच्या मनात आलं. त्यातून 'द वॉल'. २६ गाणी, त्यांतल्या तीन गाण्यांच्या चालीत गिल्मरचा हात. राइटला काम चालू असतानाच काढलं आणि १९८०-८१च्या कार्यक्रमांत पगारी वादक म्हणून परत घेतलं. ते कार्यक्रम एवढे खर्चिक होते की तोटा तिघांनी सोसला आणि पैसे सुटले ते फक्त राइटला. 'द फायनल कट'मध्ये वॉटर्सचे वडील आहेत, जे १९४४मध्ये इटलीत आंझिओला मारले गेले, आणि १९८२चं फॉकलंड युद्ध आहे. एकट्या माणसाचा अल्बम म्हणून ऐकला तर तो हलवून टाकतो. बँडचा म्हणून ऐकला तर घर रिकामं वाटतं.

१९८५मध्ये वॉटर्स बाहेर पडला, पाटी कुणाची यावरून वाद कोर्टापर्यंत गेला, पाटी गिल्मर आणि मेसनकडे राहिली. १९८७चा अल्बम मी यादीत घेतलेला नाही, कारण त्यावर बाहेरचे वादक फार आहेत. ऐकायचाच तर २०१९ची नवी मिसळण (मिक्स) ऐका, तिच्यात राइट आणि मेसन यांचं वाजवणं वाढवलेलं आहे. 'द डिव्हिजन बेल'मध्ये राइट पुन्हा पूर्ण सदस्य, चालींवर नाव, आणि 'डार्क साइड'नंतर पहिल्यांदाच एका गाण्यात मुख्य गायक. टीकाकारांनी त्या अल्बमला फारसं गोंजारलं नाही. लाल शाईचा धागा धरून आलात तर मात्र त्या गाण्याशी थोडं थबकायला होतं.

एका वाद्याची फेरी

तिसऱ्या वेळी एकच वाद्य धरायचं म्हणालो, त्याचा सोपा सराव 'मनी'वर करा. बोटांवर मोजा : सात मात्रा. रूपक अंगवळणी असलेल्याला हा आकडा परका नाही, मात्र इथे समेवर खाली नाही, बेस गिटार दणकून पहिली मात्रा देते. सॅक्सोफोन सातातच फिरतो. गिटारचा सोलो सुरू झाला की मोजणी चुकते; तुम्ही नाही, तेच चारावर गेलेत. सोलो संपला की पुन्हा सात. हे एकदा हाताला कळलं की पुढे कुठल्याही गाण्यात बेस शोधायला कान तयार होतो.

बेस झाली की ऑर्गन. ऑर्गन ऐकणं कठीण आहे, कारण तो मागे भरलेला असतो, भिंतीच्या रंगासारखा. युक्ती अशी की तो कुठे थांबतो ते ऐकायचं.

मैफिली आणि वेगळ्या मिसळणी

शेपटाची पाळी आता. ऑक्टोबर १९७१मध्ये पॉम्पेईच्या ओसाड रोमन प्रेक्षागृहात, समोर प्रेक्षक नसताना चित्रित केलेला 'एकोज' पहिल्यांदा बघा. पंचायत कशी चालायची ते चेहऱ्यांवर दिसतं. मग १९९५चा 'पल्स', ज्यात वॉटर्सशिवाय अख्खा 'डार्क साइड' वाजवला आहे. २००७मध्ये वॉटर्स मुंबईत आला तेव्हा उलटा प्रकार होता : अल्बम तोच, पण गिल्मरच्या जागा दुसरेच गात-वाजवत होते. अर्धं घर इकडे, अर्धं तिकडे.

मिसळणीचा नाद लागला की सुटत नाही, म्हणून दोनच सांगतो. 'पायपर' मोनोमध्ये, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज अशा रूपात, ऐका. २००७च्या ४० वर्षांच्या आवृत्तीत मोनो आणि स्टिरिओ दोन्ही आहेत. मोनोमध्ये बँड एका अंगाने अंगावर येतो. आणि 'ॲनिमल्स'ची २०१८ची नवी मिसळण, जी २०२२मध्ये बाहेर आली : बेस आणि ड्रम स्वच्छ झाले आहेत. मला जुनी कळकट आवडते, पण राइट नवीत जास्त ऐकू येतो, त्यामुळे तक्रार नाही.

एकट्याने काढलेले अल्बम

कोण काय घेऊन घरात येत होतं, हे घराबाहेर कळतं. १९७८मध्ये गिल्मर आणि राइट दोघांनी आपापले पहिले स्वतंत्र अल्बम काढले. गिल्मरच्या त्या कामातून उरलेल्या एका चालीवर 'कम्फर्टेबली नम' उभं आहे. त्याच वर्षी वॉटर्सने बँडपुढे दोन कल्पना ठेवल्या होत्या. इतरांनी 'द वॉल' निवडला, दुसरी त्याने १९८४मध्ये एकट्याने केली. ती ऐकली की गिल्मर नसला तर काय उणं पडतं ते कळतं, आणि गिल्मरचा ऐकला की वॉटर्सचे शब्द आठवतात. बॅरेटचे १९७०चे दोन्ही अल्बम एका संध्याकाळी ऐका, पण लागोपाठ नको. त्यांच्या निर्मितीत गिल्मर आहे, एकात वॉटर्स, दुसऱ्यात राइट. काढून टाकलेल्या माणसाला सावरायला हेच तिघे आलटून पालटून बसले होते.

सगळं झाल्यावर २ जुलै २००५ची लंडनच्या हाइड पार्कमधली चित्रफीत लावा. वॉटर्स, गिल्मर, राइट, मेसन, २४ वर्षांनी एकत्र. आधी बघू नका, आधी बघितली तर चार म्हातारे चार गाणी वाजवताहेत एवढंच दिसतं. पुढच्या वर्षी बॅरेट गेला, २००८मध्ये राइट.

दुसऱ्या बँडला हीच वही

डीप पर्पल घ्या : १९६८चा गायक वेगळा, १९७०च्या 'इन रॉक'वर इयन गिलन, १९७४च्या 'बर्न'वर डेव्हिड कव्हरडेल. इथे लाल शाई ड्रमवाल्या इयन पेसला. जेनेसिसमध्ये १९७५ला गायक पीटर गेब्रिएल गेला आणि ड्रमवाला फिल कॉलिन्स गायला लागला; 'अ ट्रिक ऑफ द टेल' (१९७६) ऐकताना तो दोन्ही कामं करतोय हे ध्यानात ठेवा.

सगळ्यात मजेशीर फ्लीटवुड मॅक. १९६७मध्ये पीटर ग्रीनने उभा केलेला इंग्रजी ब्लूज बँड, नाव मात्र त्याने स्वतःचं न देता ड्रमवाला मिक फ्लीटवुड आणि बेसवाला जॉन मॅकव्ही यांच्यावरून ठेवलं. तीन वर्षांत ग्रीन गेला. गिटारवाले आले आणि गेले, १९७४च्या अगदी अखेरीला कॅलिफोर्नियाहून लिंडसे बकिंगहॅम आणि स्टीव्ही निक्स आले, आणि १९७७मध्ये 'रूमर्स'. १९६८चा पहिला अल्बम आणि 'रूमर्स' एकाच दिवशी ऐका, दोन्ही वेळा फक्त ताल धरा. वहीत ड्रम आणि बेसची नावं पेनाने लिहा. बाकीची पेन्सिलने.